नोटीस बोर्डावरचं गुपित

आमच्या घरी फोन आला तेव्हा त्याची गरज संपलेली होती. अर्ज केला तेव्हा सासूबाई गावी आजारी होत्या, त्यांची खबर वेळेवर कळावी म्हणून केला. फोन बसला तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. मधल्या काळात नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनीही बंद पडली, त्यामुळे "आज ओव्हरटाइम आहे, उशीर होईल" असा फोन करायलाही कोणी उरलं नाही. काळा फोन स्टुलावर ठेवला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

दोन दिवसांत बिल्डिंगला बातमी लागली. डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग, तळमजला धरून सोळा बिऱ्हाडं. फोन फक्त आमच्याकडे, पहिल्या मजल्यावर. महिन्याभरात बाकी पंधराही घरांनी आमचा नंबर पी.पी. म्हणून, म्हणजे शेजारी निरोपाचा फोन म्हणून, जगभर वाटला. लग्नपत्रिकेवर आमचा नंबर, शिलाईच्या दुकानाच्या पावतीवर आमचा नंबर. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर तो आपल्या स्कूटरच्या मागे रंगवून घेतला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण तो नंबर मला झोपेतही म्हणता येई, कारण दिवसातून वीस वेळा कोणीतरी विचारायचं, "हा अमुक नंबर का?"

फोन आला की ज्याचा त्याला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. जिना चढून चढून माझे गुडघे भरून यायला लागले. तेव्हा नवऱ्याने थाळीची पद्धत काढली. तो फिटर. कंपनी बंद पडल्यापासून त्याच्या हाताला मशीन नव्हतं, म्हणून त्याने फोनलाच मशीन धरलं. मी जिन्यात उभं राहून पितळी थाळीवर उलथन्याने टोले द्यायचे. आधी मजला, मग जरा थांबून दार. दोन टोले, थांबा, तीन टोले, म्हणजे दुसरा मजला, तिसरं दार. तळमजल्याला एकच टोला. आमच्या मजल्याला टोला नाही, नुसती हाक.

पद्धत चांगली होती, पण थाळी काही फक्त फोनसाठी वाजत नाही. गणपतीत तळमजल्यावर आरती सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरचे स्कूटरवाले टॉवेल गुंडाळून धावत खाली यायचे. अकरा दिवस रोज आले. "टोले मोजत बसलो तर फोन कट होतो, त्यापेक्षा उतरून बघितलेलं बरं," असं त्यांचं म्हणणं. एकदा मी मांजर हाकलायला थाळी आपटली तर तळमजल्यावरचे म्हातारे काठी टेकत वर आले.

"कुणाचा फोन?"

"फोन नाही. मांजर आहे."

"एवढं चढून आलोय," ते म्हणाले आणि बसले. चहा करावा लागला.

मग नवऱ्याने थाळी बंद केली आणि वायरी ओढल्या. जुन्या बाजारातून दोन फोन आणून एक दुसऱ्या मजल्यावर, एक तिसऱ्या मजल्यावर टांगला. आमच्या दाराशी लाकडी पेटी ठोकली, तिला लोखंडी दांडा. दांडा वर केला की फोन तिसऱ्या मजल्याला जायचा, मध्ये ठेवला की दुसऱ्याला. पंधरा दिवस बरं चाललं. मग दांडा ढिला झाला आणि फोन सगळीकडे एकदम जायला लागला. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी काकांच्या मरणाची बातमी आली, ती तिन्ही मजल्यांनी एकाच वेळी ऐकली. तिसऱ्या मजल्यावरची बाई कोण गेलं ते न विचारताच रडली. नंतर मला म्हणाली, "आवाजच तसा होता हो."

शेवटी टेलिफोनचा लाइनमन आला. पेटीकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

"हे काय आहे?"

"एक्स्चेंज," नवरा म्हणाला.

लाइनमनने पक्कड काढली, जिन्यातल्या सगळ्या वायरी कापल्या, त्यांची गुंडाळी करून नवऱ्याच्या हातात दिली आणि चहा पिऊन गेला. नवरा दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, "कंपनी गेली तेव्हा जेवत होतास, आता वायरीपायी उपाशी राहतोस?" तिसऱ्या दिवशी जेवला.

वायर चालत नाही म्हटल्यावर बिनवायरीचं आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा भाऊ दुबईला होता. त्याचे फोन आमच्याकडेच यायचे, म्हणून सुट्टीवर येताना त्याने बिल्डिंगसाठी कॉर्डलेस आणला. त्याचे दोन भाग. एक आमच्या स्टुलावर बसणारा, त्याला आम्ही डबा म्हणायचो. त्याला टेलिफोनची लाइन जोडलेली, आणि कोणी बोलत असलं की त्याच्यावर लाल दिवा लागायचा. दुसरा हातात घेऊन हिंडायचा, तो हँडसेट. त्याला चिमटीत धरून ओढायची लांब काडी होती. घंटी फक्त हँडसेटमध्ये वाजायची. डबा मुका.

हँडसेट कुठपर्यंत चालतो हे बघायला नवरा सगळी बिल्डिंग हिंडला. कानाला लावून जिथे घूं असा आवाज येई तिथे जमिनीवर खडूने बरोबरची खूण करायची, जिथे येत नसे तिथे फुली. बरोबरच्या खुणा कमी निघाल्या. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात चांगली खूण जिन्याच्या कठड्याला लागून होती, आणि तीही एक हात खिडकीबाहेर काढला तरच. लोकांनी ती पाठ केली. तिसऱ्या मजल्यावरची सून माहेरी बोलायची ते एका पायावर, एक हात बाहेर. रस्त्यावरून जाणारे हात हलवायचे. गच्चीत टाकीजवळ तर इतकं स्वच्छ ऐकू यायचं की लोक उन्हात छत्री धरून बोलायचे. एकीने खुणेभोवती रांगोळी काढली. फुलीवर मात्र कोणी पाय ठेवत नसे, फोन नसला तरी.

हँडसेट वरखाली न्यायला टोपली होती. भाजीवाल्याकडून भाजी चढवतात तीच, दोरी बांधलेली. ज्याचा फोन त्याने टोपली ओढायची, बोलून झालं की खाली सोडायची. टोपली खाली यायची, पण हँडसेट तिच्यात असेलच असं नाही. मेथीची जुडी यायची. "हँडसेट कुठाय?" ही आमच्या बिल्डिंगची आरोळीच झाली.

आता समोरच्या बाईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची गॅलरी. मध्ये दीड हाताचं अंतर. त्या गॅलरीतली बाई घाटावरची, वयाने माझ्याएवढीच. एकेकाळी आम्ही खिडकीतून डाळतांदूळ देतघेत होतो. मग तिच्या नातवाचं बारसं झालं. तिने पुरणपोळ्या केल्या होत्या. तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "कशी झालीय गं?" मी म्हटलं, "पुरण कच्चं आहे." कच्चंच होतं, दाताखाली डाळ येत होती. माझं माहेर खाडीकाठचं, आम्ही मासळीवाले, तांदळाच्या भाकरीवर वाढलेले. गव्हाची पोळी मी लग्नानंतर शिकले. ती म्हणाली, "खाडीवालीने मला पुरण शिकवायचं?" तिथून आमचं बोलणं बंद. चार वर्षं. दीड हातावर समोरासमोर भांडी घासायचो, पण बोलायचो नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. ऐकायचं नसेल तर विचारू नये.

तिचा मोठा मुलगाही आखातात. त्यानेही घरी कॉर्डलेस पाठवला. तस्साच, रंगसुद्धा तोच. आणि मग हवेत गोंधळ सुरू झाला. आमच्याकडे कोणी फोन उचलला की आतून तिचाच आवाज यायचा, गहू निवडलेला नाही, चक्कीवाला जाड दळतो. नवऱ्याने एकदा दवाखान्यात फोन लावला, औषध कसं घ्यायचं ते विचारायला. ऐकता ऐकता मान डोलवत होता. फोन ठेवून मला म्हणाला, "अगं, मोहरी घालून उकळायचं म्हणतायत." ती तिचं लोणचं सांगत होती.

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मास्तर. कॉर्डलेसबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी चष्मा लावून वाचलं. हँडसेटच्या आणि डब्याच्या पोटात दहा-दहा बारीक खटके होते. दोन्हीकडचे खटके सारखे लावायचे, तोच आपला गुप्त कोड. दुसऱ्याचा कोड वेगळा असला की त्याचा आवाज आपल्यात घुसत नाही. आमचे दहाही खटके दुकानातून आले तसे खालीच होते. समोरचेही खालीच असणार.

"मी आत्ता लावतो," नवरा म्हणाला. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होताच.

"थांबा," मास्तर म्हणाले. "वस्तू सामाईक आहे. ठराव लागेल."

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. सोळा घरांतली माणसं. एका खटक्यासाठी एकेकदा हात वर करून मतं घेतली. पहिला खटका वर, एकमताने, कारण सुरुवात खाली नको. दुसऱ्यावर वाद झाला. तळमजल्यावरचे म्हातारे म्हणाले, "आमच्या मजल्याचा एक तरी खटका खाली पाहिजे, सगळं वरच्यांचंच कशाला?" पाचव्या खटक्याला समान मतं पडली, तेव्हा मास्तरांनी अध्यक्ष म्हणून आपलं मत टाकलं. तास गेला. शेवटी दहाही लागले. सूचक, अनुमोदक, सगळं वहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मी बघितलं, तर गेटवरच्या नोटीस बोर्डावर दहा खटक्यांचं चित्र. कुठला वर, कुठला खाली, लाल शाईने. खाली मास्तरांची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.

मी मास्तरांना विचारलं, "गुपित आहे ना? मग बोर्डावर कशाला?"

"वहिनी, गुपित बाहेरच्यांसाठी. सभासदांना कळायला नको?"

"बोर्ड रस्त्यावर आहे."

"दुसऱ्या सोसायटीची नोटीस कोणी वाचत नसतं. आपलीच आपले वाचत नाहीत."

बोर्डाला काच होती आणि काचेला कुलूप. गुपित सुरक्षित होतं.

आठ दिवस शांतता होती. मग पुन्हा गव्हाचं दळण ऐकू यायला लागलं, आणि आता तर आमची घंटी तिच्याकडे आणि तिची आमच्याकडे वाजू लागली. झालं असं की समोरच्या बाईचा नवरा पहाटे दुधाला जायचा. जाताना त्याने आमची नोटीस वाचली. शिक्का बघितला. कॉर्डलेस बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी टेलिफोन खात्याचा हुकूम आहे असं त्याला वाटलं. सरळ माणूस, आयुष्य कचेरीत काढलेलं. त्याने चित्र दुधाच्या कार्डामागे उतरवून घेतलं आणि घरी जाऊन आपले दहाही खटके हुकुमाप्रमाणे लावले. हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा आम्ही एवढंच म्हणत होतो की ठराव फुकट गेला.

याच दिवसांत मी कामाच्या शोधात होते. घरात दोन वर्षं पगार नव्हता आणि दोन मुली शाळेत होत्या. दहा घरी पोळ्या लाटून भागत नव्हतं. नवऱ्याच्या जुन्या सोबत्याने सांगितलं, वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या कँटीनला पोळ्यांची बाई हवी आहे. मी गेले. ठेकेदार खांद्यावर पंचा टाकून बसला होता. त्याने परातभर कणीक पुढे केली. मी मळली, पोळ्या लाटल्या, भाजल्या. त्याने एक पोळी उचलून उजेडाकडे धरली, घडी घालून दाबली, मग भाजीशिवाय नुसतीच खाल्ली. मी उभी होते.

"हात चांगला आहे," तो म्हणाला. "अजून दोघी यायच्यात. गुरुवारी दुपारी तीन ते चारच्या मध्ये फोन करीन. एक गोष्ट विचारायची आहे, ती तेव्हा विचारतो."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नाही. आणि फोन कोणी उचलला नाही तर मी पुढच्या बाईला लावीन. मला सोमवारी माणूस पाहिजे, थांबायला वेळ नाही."

म्हणजे बिल्डिंगच्या त्या फोनवर माझं काम टांगलेलं. घरी येताना मी वाटभर हाच विचार केला की गुरुवारी टोपलीत मेथी यायला नको.

बुधवारी मी पंधराही घरांना सांगून आले. गुरुवारी दुपारपासून हँडसेटला कोणी हात लावायचा नाही, मरण असलं तरी. नवऱ्याने वेगळा कागद काढला, त्यावर "गुरुवार, राखीव" लिहिलं आणि टोपलीला बांधला. मास्तर म्हणाले ठराव लागेल. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "राहू दे, तोंडी चालेल."

गुरुवारी दुपारी दोनला मी स्टूल खिडकीजवळ ओढून बसले. हँडसेट डब्यात होता. उचलून कानाला लावला, घूं येत होता पण बारीक. मला वाटलं लाइन लांबून येत असेल. खरी गोष्ट अशी की सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने हँडसेट परत ठेवला तो उलटा, तोंड वर करून. तसा ठेवला की तो चार्ज होत नसे. दुपारपर्यंत त्याचा जीव संपत आला होता. मी तो मांडीवर घेऊन बसले, म्हणजे वाजला की लगेच उचलता येईल. त्याने तर तो पुरताच संपला.

तीन वाजले. तीन-दहा झाले. हँडसेट वाजला नाही. आणि डब्यावरचा लाल दिवा लागला.

नवरा दिव्याजवळ वाकला. "कोणीतरी बोलतंय."

"कोण?"

"आपल्या लाइनवर. आपल्या हँडसेटवरून."

"हँडसेट माझ्या मांडीवर आहे."

त्याने मांडीवरच्या हँडसेटकडे बघितलं, मग दिव्याकडे. मग "चोर!" असं ओरडून जिन्याकडे धावला. तिसऱ्या मजल्यापासून एकेक दार ठोकत खाली येताना त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी हँडसेटची सगळी बटणं दाबली. काही नाही. लाकूड. मग खिडकीतून बाहेर बघितलं.

समोरच्या गॅलरीत ती उभी होती. एका हातात चाळणी, दुसऱ्या हातात हँडसेट, काडी पूर्ण ओढलेली.

"हॅलो, कोण पाहिजे?... कोण?... ती इथे नाही. ती समोर राहते. मी समोरची... मला काय माहीत तुमचा फोन इथे कसा लागला! तुम्हीच लावलात ना?"

मी उठून खिडकीचे गज धरले. दीड हातावर माझं काम तिच्या कानाला लागलेलं होतं. ओरडून सांगता आलं असतं, फोन माझा आहे. पण चार वर्षांत एक शब्द नाही, आणि पहिला शब्द मागण्याचा काढायचा? तिने मला बघितलं. चाळणी खाली ठेवली.

"हो, ओळखते ना. रोज बघते... स्वभाव? स्वभावाचं मला विचारताय?"

ठेकेदाराला हीच गोष्ट विचारायची होती. पुढे तो मला म्हणाला की पोळी मी स्वतः बघतो, स्वभाव मात्र माणसाला विचारून कळत नाही, शेजाऱ्याला विचारावा लागतो. शेजारीण आपणहून फोनवर आली तर त्याने सोडली नाही.

मी मनात म्हटलं, संपलं. आता पुरण निघणार.

"स्वभाव वाईट आहे," ती म्हणाली. माझ्याकडे बघतच म्हणाली. "वाईट म्हणजे तोंड वाईट. मनात आलं की बोलते, जागा बघत नाही, माणसं बघत नाही. माझ्या नातवाच्या बारशाला पन्नास माणसांत म्हणाली, पुरण कच्चं... नाही हो, शिजलेलं होतं. ते सोडा तुम्ही."

मग बराच वेळ तिकडून तो बोलत होता. ती "हं, हं" करत होती. वर नवऱ्याने दुसरा मजला गाठला होता.

"भांडते का? नाही. भांडायला दोघी लागतात. ही एकदा बोलते आणि निघून जाते, उरलेलं भांडण आपण एकट्याने करायचं... हात? चोरटा? छे! चक्कीवर माझं दळण चुकून हिच्या डब्यात गेलेलं, वाटीभर असेल. बोलणं बंद असताना गॅलरीत आणून ठेवलं हिने. वर म्हणाली असती, जाड दळलंय, पण बोलणंच बंद ना... वेळेवर? अहो, पहाटे पाचला हिच्या पोळपाटाची टकटक सुरू होते. चार वर्षं मी घड्याळाला गजर लावलेला नाही... नाही नाही, मी तिची कोणी लागत नाही. मला ती आवडतही नाही."

तिकडे तो हसला असावा, कारण तिने हँडसेट कानापासून लांब धरला.

"सोमवारी? बरं... सांगू म्हणता? नाही, मी सांगू शकत नाही. आमचं बोलणं नाही... समोरच उभी आहे, पण बोलणं नाही म्हणते ना मी!... थांबा."

ती गॅलरीच्या कठड्याला आली. तोंड हँडसेटमध्ये, डोळे माझ्यावर, आणि आवाज इतका की खालचा वाणीही वर बघायला लागला.

"सोमवारी सकाळी सात वाजता, मागच्या गेटने यायचं, डोक्याला बांधायचं फडकं आपलं आपण आणायचं, आणि पहिल्या दिवशी उशीर झाला तर परत पाठवणार. असं म्हणताय ना तुम्ही?... हो, असंच म्हणतायत. आणि तिला मंजूर आहे का, ते विचारताय?"

मी मान हलवली.

"मान हलवतेय," ती फोनमध्ये म्हणाली. "उभी हलवतेय. म्हणजे हो."

लाल दिवा विझला. ती चाळणी उचलून आत गेली. तेवढ्यात नवरा मास्तरांना, स्कूटरवाल्यांना आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना घेऊन दारात आला. म्हाताऱ्यांच्या हातात काठी उगारलेली होती.

"चोर सापडला नाही," नवरा म्हणाला.

"मला काम लागलं," मी म्हटलं.

"कसं? फोन तर वाजलाच नाही!"

"समोर वाजला."

त्या रविवारी मास्तरांनी तातडीची मीटिंग बोलावली. विषय एकच, कोड बदलणे. समोरच्या बाईचा नवराही आला होता, कुणी न बोलावता, दुधाचं कार्ड घेऊन. त्याने ते मास्तरांपुढे धरलं आणि विचारलं, "नवीन हुकूम कधी लागणार? म्हणजे मी तेव्हाच बदलीन." मास्तरांनी कार्डावरचं चित्र आपल्या वहीशी ताडून बघितलं आणि म्हणाले, "अचूक उतरवलंय."

मी हात वर केला. बायका मीटिंगला मागे बसायच्या, बोलायच्या नाहीत. मी उभी राहिले. "कोड बदलायचा नाही," मी म्हटलं. "आपला हँडसेट कुठे असतो ते सोळा घरांत कोणाला सांगता येत नाही. टोपलीत मेथी येते. समोर पहिल्या घंटीला फोन उचलतात. सोमवारपासून मला कँटीनचे निरोप येणार. ते समोर आलेले बरे."

"पण वहिनी, मग गुप्त काय राहिलं?"

"होतं काय, मास्तर?"

मतं घेतली. कोड तोच ठेवायचा, बहुमताने. सूचक मी. वहीत तसं लिहिलेलं आहे. समोरच्या बाईचा नवरा कार्ड खिशात ठेवून खूश होऊन गेला.

सोमवारी पहाटे मी पाचऐवजी चारला उठले. मुलींच्या पोळ्या लाटून ठेवल्या, डोक्याचं फडकं धुतलेलं होतं ते पिशवीत टाकलं. खिडकीत गेले तर समोर गॅलरीत ती उभी, केस मोकळे, डोळे अर्धवट मिटलेले. माझी टकटक तासभर आधी सुरू झाली म्हणून उठावं लागलं होतं तिला.

आभार वगैरे मला जमत नाहीत. मी म्हटलं, "पुरण कच्चंच होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सिलिंडर संपला मध्येच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"पन्नास माणसांत?" ती म्हणाली. "जा आता, सातला पोचायचंय. उशीर झाला तर फोन मला येईल."